लिहून द्या

सोसायटीच्या कुलथ्यांनी कागद पुढे सरकवला:
'सदर कुत्रा कोणालाही चावणार नाही.'
खाली सही, फ्लॅट नंबर, तारीख.
पेन टेबलाला दोरीने बांधलेलं.
बांधलेल्या गोष्टींकडे हल्ली माझं लक्ष जातं.

त्याचे कान कात्रीने कापलेत,
समोरच्याच्या तोंडात काही सापडू नये म्हणून.
उजव्या खांद्यावर केस उगवत नाहीत.
तिथे बोट टेकवून हर्षाली विचारते,
'अजून दुखतं का रे?'
आठ वर्षांची आहे. दातांचा प्रश्न तिला पडत नाही,
तिचे स्वतःचेच दोन पडलेत.

येऊरच्या पायथ्याशी, पत्र्याच्या शेडमध्ये,
हात धुता धुता डॉक्टर टिपणीस म्हणाल्या होत्या,
'माणसाच्या अंगावर जाणार नाही, बहुधा.
दुसऱ्या कुत्र्यांचं मी सांगत नाही.'
तो 'बहुधा' मी कुत्र्यासोबत
रिक्षात बसवून घणसोलीला आणला.

जिन्यात तोंडाला जाळी.
फिरायला रात्री साडेअकरानंतर,
नाल्याच्या त्या बाजूने, जिथे भटकी फिरकत नाहीत.
जेवताना त्याच्याजवळ कोणी जायचं नाही.
हर्षाली आणि तो, खोलीत दोघंच, कधीच नाही.
प्रणिताने हे जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून
फ्रिजला लावलंय.
'कधीच'खाली दोन रेघा.

कुकरची शिट्टी झाली की तो उठायचा.
भुंकायचा नाही. भुंकला असता तर बरं.
पाय रोवून, मान खाली घालून
स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहायचा,
आता कोणाला आत सोडतायत म्हणून.
तेव्हापासून आमची डाळ पातेल्यात शिजते.
आय आधी कुरकुरली,
मग रात्रीच डाळ भिजत घालायला लागली.

ती शिट्टी कसली,
हे घरात फक्त मला ठाऊक आहे.

दिघ्याची बंद खाण. ट्रकचे दिवे लावलेले.
मावसभाऊ म्हणाला, 'दादूस, याच्यावर लाव.'
शिट्टी वाजली, फळी उचलली,
आणि कुंपणाच्या पत्र्यावर मुठी आपटत
मी बेंबीच्या देठापासून ओरडलो,
'सोडू नको!'
त्याने सोडलं नाही.
पाचशे लावले, नऊशे आले.
पोरीला सँडल घेतली.
तिला ती आता होत नाही, टाकवतही नाही.

प्रणिताला हे सांगितलेलं नाही.
डॉक्टरांनी विचारलं होतं, एवढ्यांतून हाच का?
मी म्हटलं, डोळे चांगले आहेत.

पहिले काही दिवस मी बोललो
की तो वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन बसायचा.
आयच्या आवाजाला नाही, पोरीच्या किंचाळण्याला नाही.
माझ्याच.
मग मी हळू बोलायला लागलो.
शेवटच्या षटकात दहा धावा हव्या असल्या
तरी उशी दाबून धरतो तोंडावर.
हर्षाली विचारते, बाबा, घसा बसलाय का?

तिने त्याचं नाव पावटा ठेवलंय.
त्याला ते अजून कळत नाही.
भाकरी थापल्याचा आवाज कळतो.
परवा सुकट भाजत होती आय,
तर हा पहिल्यांदाच पोट वर करून पडला,
ऐन वाटेत,
आणि आम्ही चौघं ताटं घेऊन
त्याला ओलांडत जात-येत राहिलो.

तरी जाळी सुटलेली नाही.
तरी रात्री एकदा उठून मी
हर्षालीच्या दाराची कडी चाचपतो.
तोही जागाच असतो.
काही वेळ आम्ही दोघं
पॅसेजमध्ये उभे राहतो, दिवा न लावता.

कुलथे घड्याळ बघत होते.
मी 'चावणार नाही' खोडलं
आणि वर बारीक अक्षरात लिहिलं,
'लक्ष ठेवीन.'

कुलथ्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद जवळ नेला.
'असं मोघम चालत नाही,' म्हणाले,
'कोणावर, ते लिहा.'